खडीच्या खाणीतला सरपंच

प्रताप जगदाळेला खेड्यात कसं वागायचं ते कळत नाही, असा निकाल तुम्ही दिलात. तुम्ही म्हणजे तुम्हीच, मागे वळून बघू नका. हॅम्बर्गला, पाण्याकाठच्या त्या विटांच्या इमारतीत, भिंतीवर लाकडी मुखवटे टांगून त्यांच्याखाली खुर्ची टाकून बसणारे तुम्ही. तुमचं नाव आजवर कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की ‘त्सेंट्रालेने ठरवलंय’ एवढंच उत्तर मिळतं. त्सेंट्राले म्हणजे मुख्य कचेरी. पण कचेरी काही ठरवत नसते. ठरवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला सकाळी चहा पिऊन, पायात मोजे घालून कामावर यावं लागतं.

ज्याचा जन्म कराडच्या पुढच्या एका खेड्यात झाला, दहावीपर्यंत जो तिथे शेणामातीत वाढला, ज्याचा सख्खा मामा गावचा सरपंच होता आणि पुढच्या निवडणुकीत पडला तेव्हा अर्ध्या आळीशी ज्याच्या घरचं बोलणं तुटलं, त्या माणसाला तुम्ही खेड्यात नापास केलंत. जर्मन व्याकरणात नापास केलं असतंत तर तो हूं की चूं करता ना. पोहण्यात केलं असतंत तर त्याने स्वतःहून सही करून दिली असती. पण खेड्यात? तेव्हा आता झालं काय ते सगळं ऐका. मधे उठायचं नाही.

प्रताप इंगोलश्टाटला राहतो. मोटारींच्या मोठ्या कारखान्याला गिअरबॉक्स पुरवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनियर आहे. गिअरबॉक्स कुठल्या वेगाला कण्हतो आणि कुठल्या वेगाला किंचाळतो हे कानाने आणि यंत्राने ऐकायचं, याचा त्याला पगार मिळतो. बायको नीलिमा, मुलगी मैथिली, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली शिस्तीत लावलेल्या कचऱ्याच्या चार रंगांच्या पेट्या. तक्रार करावी असं काही नाही, आणि माणसाचं खरं बिनसतं ते अशाच वेळी.

दोन हजार सात सालच्या हिवाळ्यात कँटीनच्या टेबलावर त्याला तुमचं माहितीपत्रक सापडलं. कुणीतरी त्यावर सुपाचा वाडगा ठेवून गेलेलं. पश्चिम आफ्रिका, टोगो आणि बेनिन, मोटरसायकलवरून, डांबर सोडून, कच्च्या रस्त्याने. गावागावातून जायचं, गावात राहायचं, तिथली माणसं, नाच, बाजार, देवदेवस्की समजून घ्यायची, आणि बरोबर तुमचा वाटाड्या. चित्रात लाल मातीचा रस्ता होता. चाकोऱ्या पडलेला, मधे गवत, बाजूला एक बकरी. तो रस्ता बघितला आणि प्रतापचं उजवं मनगट आपोआप वळलं, जसं ॲक्सिलरेटर पिळताना वळतं तसं.

इथे एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी, कारण तुम्हाला ती आपण होऊन समजेल असं वाटत नाही. आमच्याकडची माणसं प्रवास पुष्कळ करतात, पण बघायला म्हणून कुणी जात नाही. आम्ही नोकरीला जातो, लग्नाला जातो, मर्तिकाला जातो, आणि देवाला जातो. फार तर मुलीच्या बाळंतपणाला जातो. प्रताप चाळिशीला आला होता आणि आजवरच्या प्रत्येक सीमेवर त्याला ‘कशासाठी आलात’ या प्रश्नाचं कामाचं उत्तर द्यावं लागलं होतं. एकदा तरी कुठेतरी जावं, आणि कुणी विचारलं तर ‘काही नाही, बघायला आलो’ असं सांगावं, एवढीच त्या माणसाची इच्छा. या इच्छेसाठी पुढचे सगळे हाल झाले. ही इच्छा तुम्ही मारलीत. हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

नीलिमाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, “जायचंय तर जा. मग पुढच्या सुट्टीत मी एकटी व्हेनिसला जाणार, आणि तू इथे मैथिलीच्या शाळेतल्या पालकसभेला बसायचं. त्या छोट्या खुर्चीवर.”

मैथिली दहा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमधून. ती म्हणाली, “पापा, दास इस्ट पाइनलिश.” म्हणजे हे लाजिरवाणं आहे. तिला काय लाजिरवाणं आहे असं विचारायची सोय नसते. तिच्या वयाला आई-बाप हे मुळातच पाइनलिश असतात.

आईला फोन केला.  ती म्हणाली, “खेडी बघायला आफ्रिकेत जायचं? आपल्याकडची काय उठून गेली?”

“आई, तसं नाही गं.”

“मग कसं? इथं आलास की दुसऱ्या दिवशी पुण्याला पळतोस. लाइट जातात म्हणून. तिथं काय, लाइट आहेत?”

शेजारच्या जिन्यातले भास्करराव म्हणजे सॉफ्टवेअरवाले. रोज म्युनिकला ट्रेनने जातात आणि ट्रेन उशिरा आली की त्या वेळात जगाबद्दल मतं बनवतात. ट्रेन बऱ्याचदा उशिरा येत असल्यामुळे मतं भरपूर. ते बायकोला, सुलेखावहिनींना, घेऊन खास सल्ला द्यायला आले आणि जेवूनच गेले.

“प्रतापराव, एक सांगतो. तुमचं घोडं अडणार ते त्या आफ्रिकन वकिलातीत,” भास्करराव म्हणाले. “आपला पासपोर्ट भारतीय. ते तुम्हाला हेलपाटे घालायला लावणार. इथलं जर्मन ऑफिस कसं, नियम म्हणजे नियम. तिकडे तसं नाही. लिहून ठेवा.”

“आणि मलेरियाच्या गोळ्या घ्याव्या लागतात,” सुलेखावहिनी म्हणाल्या. “त्यानं डोक्यावर परिणाम होतो म्हणे.”

“मग यांना काय फरक पडणार आहे,” नीलिमा म्हणाली आणि तिने भास्कररावांना तिसरी पोळी वाढली.

भास्कररावांचा एकही शब्द खरा ठरला नाही. घोडं अडलं ते जर्मनीत. तुमच्या सहलीची पहिली अट होती जर्मन फ्युररशाइन, म्हणजे लायसन्स, आणि तेही मोटरसायकलचं. प्रतापकडे गाडीचं होतं. मोटरसायकलचं भारतातलं होतं. त्या लायसन्सवर त्याने कुंभार्ली घाट पावसात उतरलेला, पाठीमागे मावशी आणि मावशीच्या मांडीवर कोंबडा अशा अवस्थेत. लायसन्स-कचेरीच्या खिडकीतल्या बाईने ते पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरलं, उलटंसुलटं केलं आणि हे बसचे पास असतात तसलं काही आहे का, असं अगदी सभ्यपणे विचारलं.

“लायसन्स आहे,” प्रताप म्हणाला. “मी शाळेत असल्यापासून मोटरसायकल चालवतो.”

“शाळेत असल्यापासून?” बाईंनी चष्मा वर केला. “म्हणजे कायद्याने परवानगी मिळण्याआधीपासून?”

तिथे त्याला कळलं की आपण बोलून घोळ केला. पुढे जे व्हायचं तेच झालं. फारशूले, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. केस पिकायला लागलेला प्रताप विशीच्या पोरांमधे बसून ‘मोटरसायकलला किती चाकं असतात’ या पातळीचे प्रश्न सोडवायला लागला. रस्त्यावर शिकवताना मास्तर मागून गाडीत, आणि प्रतापच्या कानात वायर. त्या वायरीतून अस्सल बव्हेरियन बोलीत जे येई त्यातलं निम्मं कळत नसे, पण ते कौतुक नाही एवढं कळे.

परीक्षेच्या दिवशी त्याने सगळं नीट केलं. खांद्यावरून मागे बघितलं, इंडिकेटर दिला, थांबायचं तिथे थांबला. शेवटी एका गावाबाहेर रस्ता टेकडीला वळसा घालून जात होता. पुढचं दिसत नव्हतं. आणि त्या वळणावर प्रतापच्या अंगठ्याने, प्रतापला न विचारता, हॉर्न वाजवला. दोनदा. घाटात वाढलेल्या माणसाला आंधळ्या वळणावर हॉर्न न वाजवणं म्हणजे दार न वाजवता परक्याच्या न्हाणीघरात शिरणं.

परीक्षकाने गाडी थांबवायला लावली. “आल्झो, तर मग, तुम्ही कुणाला धमकावलंत?”

“कुणाला नाही. मी येतोय एवढं सांगितलं.”

“कुणाला सांगितलं?”

“जो कुणी असेल त्याला.”

“पण कुणी नव्हतं.”

“ते मला आधी कसं कळणार?”

नापास. दुसऱ्या वेळी तो अंगठा मुठीत दाबून बसला आणि पास झाला. घरी आल्यावर अंगठ्याला वात आला होता.

आता त्या आफ्रिकन वकिलातीचं ऐका. प्रताप रजा काढून बर्लिनला गेला. भास्कररावांनी घाबरवलेलं, म्हणून सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती, बँकेचं पत्र, कंपनीचं पत्र, घरभाड्याचा करार आणि उगाच आपलं लग्नाचं सर्टिफिकेट. टोगोच्या खिडकीत एक दांडगे गृहस्थ होते, इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. त्यांनी पासपोर्ट बघितला, फोन ठेवला.

“भारतीय. लोमेला, आमच्या राजधानीत, दुकान आहे का तुमचं?”

“नाही.”

“भावाचं?”

“नाही.”

“मग कामाला?”

“नाही हो,” प्रताप म्हणाला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य त्याने बाहेर काढलं. “बघायला जातोय.”

गृहस्थांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ते खदाखदा हसले. मागच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी फ्रेंचमधून काहीतरी सांगितलं, त्याही हसल्या, उठून बघायला आल्या. “आमच्याकडे भारतातून विकायला येतात,” ते म्हणाले. “बघायला आलेले तुम्ही पहिलेच. या, या. उत्तरेकडे माझी आजी असते. पाणी दिलं तर नाही म्हणू नका.” व्हिसा मिळाला. लग्नाचं सर्टिफिकेट त्यांनी न मागता वाचलं आणि अभिनंदन केलं. बेनिनच्या व्हिशाचंही तसंच झालं, फक्त तिथे कुणी आजी निघाली नाही.

म्हणजे ज्या देशात जायचं त्या देशाने ‘या’ म्हटलं होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. पासपोर्टची प्रत तुमच्याकडे पाठवलेली होती.

मग राहिलं तुमचं सराव-शिबिर. सहलीला निघायच्या आधी प्रत्येकाने शनिवार-रविवार यावंच लागतं. दक्षिणेकडच्या लोकांसाठी ते इंगोलश्टाटच्या बाहेर, एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत होतं. प्रतापला वाटलं, हे बरं झालं, घराजवळ आहे. पत्रात लिहिलं होतं की दुपारचं जेवण प्रत्येकाने थोडं आणावं आणि वाटून खावं. हे वाक्य मराठी घरात कसं वाचलं जातं याची तुम्हाला कल्पना नाही. ‘थोडं’ हा शब्द नीलिमाला दिसलाच नाही. तिने पहाटेपासून राबून दोन पातेली मसालेभात, काकडीची कोशिंबीर, हिरव्या मिरचीचा ठेचा, मठ्ठा आणि जिलब्या केल्या. “तुझ्याबरोबर आफ्रिकेत राहणार आहेत ही माणसं,” ती म्हणाली. “उपाशी माणसं ओळख ठेवत नाहीत.” बाकीच्यांनी काय आणलं ते पण सांगून टाकतो. सफरचंदं. आणि एकाने काळ्या ब्रेडचं पाकीट.

तुमचा वाटाड्या ऊवे. उंच, उन्हाने रापलेला, गळ्यात कवड्या. आफ्रिकेत चौदा वेळा जाऊन आलेला, आणि दर वाक्यात तसं सांगणारा. माणूस वाईट नाही. वाईट नसलेल्या माणसांनीच प्रतापचं सगळ्यात जास्त नुकसान केलेलं आहे.

सकाळी खाणीत मोटरसायकली फिरल्या. खडी, वाळू, चिखल, चढ. बाकीचे सगळे, रेगेन्सबुर्गचे दाताचे डॉक्टर विटमन आणि शाळामास्तरीण गिझेलाबाई धरून, दर दहा फुटांना आडवे होत होते. प्रताप पडला नाही. त्याच्या चाकाखाली कित्येक वर्षांनी रस्ता नसलेला रस्ता आला होता, आणि हँडल त्याच्या हातात जुन्या दोस्तासारखं हलत होतं. ऊवे ओरडून म्हणाला, “प्रताप, जा, जा, गेनाऊ असंच.” प्रताप त्या तासाभरात जेवढा सुखी होता तेवढा लग्नातही नव्हता. हे नीलिमासमोर बोलू नका.

मग ऊवेने सगळ्यांना झाडाखाली बसवलं. आता संस्कृतीचा भाग. खेड्यात गेल्यावर कसं वागायचं. त्याने तक्त्यावर चित्रं काढली. पाहुणा आला की आधी पाणी देतात, ते नाकारायचं नाही. मग घरच्यांची, गुराढोरांची चौकशी करतात, तिला सविस्तर उत्तर द्यायचं. उजव्या हाताने खायचं. वडीलधाऱ्यांच्या देखत पाय पसरायचे नाहीत. कामाचं बोलणं शेवटी.

प्रताप म्हणाला, “आमच्याकडे पण असंच असतं.”

“नाही, हे आफ्रिकेतलं आहे,” ऊवे म्हणाला.

“हो, पण आमच्याकडे पण पाणी आणि गूळ देतात, आणि मग...”

“प्रताप, मी चौदा वेळा जाऊन आलोय,” ऊवे प्रेमाने म्हणाला.

आणि मग तो म्हणाला की आपण आता नाटक करून बघू. एकजण गावचा हॉइप्टलिंग, म्हणजे टोळीचा म्होरक्या, आणि बाकीचे पाहुणे. म्होरक्या कुणाला करावं? त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. खरं तर फिरवायची काही गरज नव्हती. बारा गोरी तोंडं आणि एक प्रताप. सगळ्यांच्या माना आधीच प्रतापकडे वळल्या होत्या.

“तू,” ऊवे म्हणाला. “तुला फारसा अभिनय करावा लागणार नाही.”

त्या क्षणी उठून घरी जायला हवं होतं. कुठलाही मानी माणूस गेला असता. पण प्रतापला सहलीला जायचं होतं. शिवाय आमच्याकडे चारचौघात कुणी काम सांगितलं की नाही म्हणता येत नाही, हा आमच्या मध्यमवर्गाचा सार्वजनिक रोग. ऊवेने आपल्या बॅगेतलं रंगीबेरंगी कापड काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. चष्मा काढून ठेवायला सांगितला. प्रताप खडीच्या ढिगावर जाऊन बसला, आणि त्या कापडाखाली त्याचं इंजिनियरपण पार गुदमरलं.

पण माणूस एकदा सरपंच म्हणून बसला की बसला. पाहुणे आले. प्रतापने पाणी दिलं, त्यांनी घेतलं. त्याने विचारलं, घरचे बरे? गुरं बरी? विटमन डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे गुरं नाहीत, पण व्हॅक्यूम क्लीनर बिघडलाय.” इथपर्यंत ठीक चाललं होतं. ऊवेने ठरवून दिल्याप्रमाणे आता पाहुण्यांनी भेटवस्तू द्यायची, म्होरक्याने आभार मानायचे आणि त्यांना जाऊ द्यायचं. पण उन्हं डोक्यावर आली होती. जेवायची वेळ. आणि प्रतापच्या मामाच्या दारातून जेवायच्या वेळेला कुणी आलेला माणूस न जेवता परत गेला, असं आजतागायत झालेलं नाही. निवडणुकीत पडल्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

“बसा,” प्रताप म्हणाला. “जेवून जा.”

“नाइन, डांके,” विटमन म्हणाले. नको, धन्यवाद.

आता ही चूक कशी झाली ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळं आहे. आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे रीत. ते म्हणावंच लागतं, नाहीतर माणूस हावरा ठरतो. दुसरं ‘नको’ म्हणजे संकोच. तिसऱ्या ‘नको’ला हात आडवा आला तरच थांबायचं, आणि तरीसुद्धा एक घास वाढायचा. जर्मन माणसाचं पहिलं ‘नाइन’ हेच शेवटचं असतं, हे प्रतापला एरवी माहीत होतं. इंजिनियर प्रतापला. पण खडीच्या ढिगावर इंजिनियर बसला नव्हता. त्याने मसालेभाताचं पातेलं उघडलं आणि डाव हातात घेतला.

“थोडा घ्या. आमच्या गावाला कमीपणा आणू नका.”

विटमन डॉक्टर हा सभ्य माणूस. त्यांना वाटलं हा सरावाचाच भाग आहे. तक्त्यावर लिहिलं होतं की दिलेलं नाकारायचं नाही. त्यांनी खाल्लं. ताट रिकामं झालं. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी आहे. प्रतापने पुन्हा वाढलं. त्यांच्याकडे रिकामं ताट म्हणजे शिष्टाचार. त्यांनी पुन्हा खाल्लं. असं ते दोन शिष्टाचार समोरासमोर उभे ठाकले, आणि मधल्या मधे डॉक्टरांच्या कपाळावर घाम साचत चालला. ठेचा त्यांनी पाल्याची भाजी समजून चमचाभर घेतला. गिझेलाबाईंची तऱ्हा निराळी. त्यांना जिलबी विचारली, आणि त्या पहिल्याच खेपेला “या, गेर्ने”, म्हणजे हो, आनंदाने, असं म्हणून चार उचलून मोकळ्या झाल्या. एकदाही नको न म्हणता. प्रतापला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. बाई चांगल्या घरच्या दिसत होत्या.

ऊवे दोन-चार फोटो काढून झाल्यावर आता घड्याळ बघत होता. “प्रताप, पुरे. म्होरक्या असं करत नाही.”

“मग काय करतो?”

“जाऊ देतो.”

“अर्ध्या जेवणावरून?” प्रतापने विचारलं, आणि तो खरोखरच दुखावला गेला होता. “असलं कसलं गाव आहे तुमचं?”

जेवणानंतर चढाचा सराव होता. विटमन डॉक्टर सगळ्यात पुढे. निम्म्या चढावर मसालेभाताने आणि ठेच्याने एकत्र उठाव केला. डॉक्टरांनी हेल्मेटची काच उघडायला हात वर नेला, हँडल सुटलं, गाडी आडवी झाली. मागून गिझेलाबाई त्यांच्यावर, त्यांच्यावर ब्रेडवाला, आणि एकेक करत आख्खी रांग घसरत खाली आली. कुणाला लागलं नाही. खडी मऊ होती आणि पोटं भरलेली होती. एकटा प्रताप उभा होता, कारण तो पातेली विसळत होता.

डॉक्टरांनी नंतर तोंड धुऊन त्याचा हात हातात घेतला आणि भाताची कृती विचारली. हे तुमच्या अहवालात नाही.

आठवड्याने ऊवेचा फोन आला. प्रताप ऑफिसात गिअरबॉक्सचं कण्हणं ऐकत होता. ऊवेचा आवाज फार मऊ होता. म्हणाला, “हे बघ, मोटरसायकलमधे तू सगळ्यात उत्तम. पण त्सेंट्रालेने ठरवलंय. संस्कृतीच्या भागात तुझं जमलं नाही. तुझ्या वागण्याने ग्रुपच्या सुरक्षिततेला धोका झाला. गावातल्या प्रसंगाचं तुला भान नाही असं त्यांचं मत पडलं. यंदा तुला नेता येणार नाही.”

“माझं मत विचारलं का कुणी?”

“आणि दुसरी एक आनंदाची गोष्ट,” ऊवे तसाच पुढे म्हणाला. “लोकांना तू म्होरक्या म्हणून फार आवडलास. अगदी अस्सल. दर वसंतात शिबिराला येशील का? फक्त म्होरक्या व्हायला?”

आणि प्रताप काय म्हणाला? सांगायला लाज वाटते. प्रताप म्हणाला, “विचार करून सांगतो.”

घरी हे ऐकून नीलिमाने गॅस बंद केला. “कसला विचार करून सांगतोस?”

“चटकन सुचलं नाही.”

“जायला नालायक आणि बसायला अस्सल. दोन्ही तूच. आणि तू विचार करतो म्हणालास.”

“ओरडायला हवं होतं का?”

“नको. तू ओरडलास तर ते म्हणाले असते, बघा, अस्सल.” तिने गॅस पुन्हा पेटवला. मग म्हणाली, “हॅम्बर्गला जा. समोर उभा राहा. फोनवर तू फार सभ्य असतोस.”

भास्करराव म्हणाले, जाऊ नका, ईमेल करा, नियम म्हणजे नियम. म्हणूनच तो गेला.

हॅम्बर्गला पाऊस होता, जसा तो असतोच. होडीने पाणी ओलांडून, रेनकोट निथळत, प्रताप तुमच्या दारात आला. टेबलावर एक हसरी मुलगी. तिने टॉवेल दिला, कॉफी दिली. साहेब मीटिंगमधे आहेत म्हणाली. किती वेळ? माहीत नाही. कुठले साहेब? त्सेंट्राले. दाराच्या काचेआड तुमची सावली हलत होती. प्रतापने ती पाहिली. तुम्ही बाहेर आला नाहीत.

समोर पुढल्या वर्षाची माहितीपत्रकं रचली होती. कोरी, शाईच्या वासाची. वेळ जावा म्हणून त्याने एक उघडलं. मधलं दुहेरी पान. लाल जमीन, निळं आभाळ, आणि जमिनीवर बसलेला एक माणूस. खांद्यावर रंगीबेरंगी कापड, डोळ्यांवर चष्मा नाही म्हणून नजर जराशी तिरळी, आणि हातातला डाव पुढे केलेला. इतका मायेने, इतका आग्रहाने, की बघणाऱ्याला भूक लागावी. मागचा खडी वाहायचा पट्टा तुम्ही पुसून टाकला होता. पांढरी खडी लाल केली होती. डावाला मात्र कुणी हात लावला नव्हता. तो नीलिमाने लक्ष्मी रोडवरून आणलेला, दांड्यावर तिचं नाव कोरलेलं. खाली मोठ्या अक्षरात छापलं होतं: ‘अजूनही जगाचा स्पर्श न झालेलं. उत्तर टोगोमधे गावचा म्होरक्या पाहुण्यांचं स्वागत करताना.’

प्रताप ते पान घेऊन मुलीकडे गेला. “हा कोण?”

तिने फोटोकडे बघितलं. मग प्रतापकडे बघितलं. रेनकोट, चष्मा, हातात कॉफीचा कप. तिला काही म्हणजे काही ओळख पटली नाही.

“म्होरक्या आहेत तिथले,” ती म्हणाली. “फार प्रेमळ आहेत म्हणे. सगळ्यांना त्यांनाच भेटायचं असतं.”

“मलाही भेटायचंय.”

“मग लवकर बुकिंग करा,” ती म्हणाली. “जागा भरत आल्यात.”

प्रताप पान मुडपून खिशात घालून परतीच्या गाडीत बसला. आता त्याच्या वतीने मी बोलतो, कारण तो अजून विचार करतोय.

त्या गावाला खरा म्होरक्या असेल. त्याची लेकरं असतील, गुरं असतील, पाहुण्याला काय वाढायचं याची त्याची स्वतःची रीत असेल. त्याच्या जागेवर तुम्ही कराडचा माणूस नेऊन बसवलात, त्याला विचारलंत? कराडच्या माणसाला विचारलंत? उद्या तुमचे लोक पैसे भरून, धूळ खात तिथे पोचतील आणि डाव घेऊन बसलेल्या त्या माणसाला शोधतील. तो इंगोलश्टाटला गिअरबॉक्सला कान लावून बसलाय हे त्यांना कोण सांगणार? टोगोने ज्याला या म्हटलं त्याला नको म्हणणारे तुम्ही कोण? आणि तुमच्या पत्रकात जो माणूस ते गाव म्हणून चालतो, तो त्या गावात पाहुणा म्हणून का चालत नाही?

मीटिंग संपली असेल तर बाहेर या आणि उत्तर द्या.